थिजलेलं तूप आणि पंच्याऐंशी मिनिटं

“घरून जरा लवकर निघायचं हो, ताई.”

हे मला एका मराठी काकांनी फ्रँकफर्टच्या विमानतळावर सुनावलं, सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी. वाक्य जुनंच आहे. लग्नाला, परीक्षेला, एसटी स्टँडवर उशिरा पोचणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे ते ऐकावं लागतं. पण काका आणि मी मुंबईहून एकाच विमानाने आलो होतो. ते ४०-सी, मी ४१-डी. मी आदल्या दिवशी सकाळीच घर सोडून सहारच्या विमानतळावर सतरंजी टाकून बसले असते, तरी काकांच्या आधी फ्रँकफर्टला पोचायची सोय नव्हती. हे उत्तर तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. तेव्हा दम लागला होता. आता नाही.

मुंबई–फ्रँकफर्ट–ओस्लो, मध्ये विमान बदलायला पंच्याऐंशी मिनिटं. तेवढ्यात माणूस दादरहून कल्याणला पोचतो आणि खाली उतरून वडापाव खातो. शिवाय तिकिटाच्या ॲपने हाच पर्याय सगळ्यांत वर दाखवला होता. ही ॲपं बरेचदा एकूण प्रवासाच्या वेळाप्रमाणे क्रम लावतात, त्यामुळे ज्यात धावून जीव जाईल ते तिकीट पहिल्या नंबरावर आणि ज्यात माणसासारखं तोंड धुऊन चहा पिता येईल ते खाली कुठेतरी. आपण पहिलं बघतो आणि दाबतो.

विमानाच्या धंद्यात ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’ नावाचा एक आकडा असतो, बोलताना नुसतं एमसीटी. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला कमीत कमी एवढी मिनिटं धरायची, असं प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं, आणि त्याच्या खालची जोडी बुकिंगची यंत्रणा एका तिकिटावर विकतच नाही. फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलला तो आकडा ४५ मिनिटं आहे. म्हणजे माझ्याकडे जवळजवळ दुप्पट वेळ होता, मी श्रीमंत होते. हा ४५ चा आकडा ज्या प्रवाशाला समोर ठेवून काढलाय, तो मला अजून भेटायचा आहे. त्याची सीट पहिल्या ओळीत असणार, हातात फक्त वर्तमानपत्र असणार आणि त्याला नऊ तासांत एकदाही बाथरूमला जावंसं वाटलेलं नसणार.

आता खरा हिशेब. तिकिटावरची पोचायची वेळ म्हणजे विमान जागेवर येऊन थांबायची वेळ, दार उघडायची नव्हे. दाराला आणखी पाचेक मिनिटं. निघायची वेळ म्हणजे विमान जागेवरून मागे सरकायची वेळ, आणि गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. दोन्ही टोकांना अशी कात्री लागली की पंच्याऐंशीचे पासष्ट होतात. आम्ही बारा मिनिटं उशिरा आलो, उरली त्रेपन्न. एक्केचाळिसाव्या ओळीतून बाहेर पडायला दहा-बारा, कारण पुढच्या चाळीस ओळींतला प्रत्येक जण आपली बॅग काढायला त्याच क्षणी उठतो आणि मग दोन्ही हात वर करून स्वेटर शोधतो. त्यात मनगटावरचं घड्याळ अजून मुंबईचं. उन्हाळ्यात साडेतीन तास वजा, हिवाळ्यात साडेचार; धावताना हा अर्धा तास हमखास चुकतो. वेळ फोनवरच बघावी.

पन्नास रुपयांच्या सँडविचला साडेचारशे मोजणारे आपण, पुढच्या ओळीच्या सीटसाठी जास्तीचे पैसे द्यायचे म्हटलं की एकदम काटकसरी होतो. कनेक्शन दीड तासाच्या आत असेल तर ते पैसे द्यावेत. विमानाच्या मागच्या भागात बसून मिनिटं मोजू नयेत.

गर्दीचंही एक कारण आहे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित विमानांना बंदी आहे, आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून. झोपेबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे आशियातून रात्रभर उडत आलेली विमानं पाचनंतर एकामागून एक उतरतात, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी. प्रत्येकातून दोन-तीनशे माणसं, प्रत्येक माणूस युरोपातल्या सकाळच्या विमानासाठी निघालेला. कंपन्या वेळापत्रकच तसं बांधतात, एक लाट येते आणि तिच्यावर दुसरी लाट निघते. कागदावर फार देखणं दिसतं.

आम्हाला विमानातून थेट टर्मिनलमध्ये नेणारा पूल लागला नाही, बस आली. बसचं एक शास्त्र आहे. विमानातून आधी उतरलेला माणूस बसमध्ये आत ढकलला जातो आणि शेवटी चढलेला दाराशी उभा राहून सगळ्यांच्या आधी बाहेर पडतो. म्हणून आत जाऊन बसायचं नाही, दाराजवळचा खांब धरायचा. कोणी ‘आत सरका’ म्हटलं की बहिरं व्हायचं. मी खांब धरला. पण या बसना दोन्ही बाजूंना दारं असतात आणि उघडली समोरची. त्या दाराशी खांब धरून काका उभे होते.

तर काका. वय सत्तरच्या आसपास, अंगात हाफ स्वेटर, गळ्यात पासपोर्टची पिशवी, पायात नवे कोरे पांढरे बूट. हॅम्बुर्गला मुलीकडे निघालेले. सुरक्षेच्या रांगेत मी त्यांच्या मागे आले आणि गोड आवाजात विचारलं, “काका, माझं सात दहाचं आहे. जरा पुढे जाऊ?”

“माझं अकराचं आहे,” काका म्हणाले. मला वाटलं, झालं काम. “पाच तास ठेवलेत मध्ये. मुलगी म्हणत होती दोन पुरे. म्हटलं नाही. नियोजन लागतं.” आणि मग ते घरून लवकर निघायचं वाक्य. “शिवाय रांग म्हणजे रांग. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल.”

उद्या काका हॅम्बुर्गला असणार होते, पण असो. चूक माझीच. पुढे सोडा असं प्रवाशाला विचारायचंच नसतं, गणवेशातल्या माणसाला विचारायचं, बोर्डिंग पास हातात उघडा धरून, बोट वेळेवर ठेवून, दोन शब्दांत: ‘शॉर्ट कनेक्शन’. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर घाईवाल्यांसाठी वेगळी रांग असते. विचारलं तर मिळते, न विचारता मिळत नाही. आपण मात्र आधी आपला माणूस शोधतो. मराठी दिसला म्हणून गेले.

मुंबईला एकदा तपासणी झालेली असताना ही दुसरी कशाला, असा प्रश्न रांगेत प्रत्येकाला पडतो आणि प्रत्येक जण तो मोठ्याने विचारतो. युरोपीय संघ काही ठरावीक देशांची तपासणी आपली मानतो. त्या यादीत भारत नाही. म्हणून पुन्हा ट्रे, पुन्हा पट्टा, पुन्हा विमानात भरून घेतलेली पाण्याची बाटली रिकामी करणं.

काकांचा ट्रे बाजूच्या पट्ट्यावर गेला. त्याच्या मागोमाग माझाही. माझ्या बॅगेत दोन चार्जर, पॉवर बँक आणि चार वायरी एकमेकींत गुंतून बसल्या होत्या, एक्स-रेमध्ये असा गुंता काळा गोळा दिसतो. त्या वस्तू आधीच काढून ट्रेमध्ये पसरून ठेवल्या असत्या तर हा लेख झाला नसता. बाजूच्या टेबलावर माणूस एकच. आधी काका, मग मी.

काकांच्या बॅगेतून काचेची बरणी निघाली. पाव किलो साजूक तूप, पाऊण भरलेली. ते त्यांनी मुंबईला तपासणीनंतरच्या दुकानातून रीतसर घेतलं होतं. अशी वस्तू दुकानदार खास पारदर्शक पिशवीत सील करून देतो, पावती आत दिसेल अशी. ती पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडायची नाही, उघडली की हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरहून मोठं द्रवाचं भांडं नको हा नियम परत लागू. काकांनी ती तुर्कस्तानच्या आसपास कुठेतरी उघडली होती. विमानातला भात कोरडा होता.

“लिक्विड,” अधिकारी म्हणाला.

“नो लिक्विड,” काका म्हणाले. “सॉलिड.” आणि त्यांनी झाकण काढून बरणी सरळ उलटी केली. अधिकाऱ्याने दचकून हात मागे घेतला. तूप हललं नाही. रात्रभर विमानाच्या गारव्यात ते घट्ट थिजलं होतं, वरून पांढरट, कडेने पिवळं, मध्ये चमच्याचा एक खड्डा. काकांनी बरणी तशीच उलटी धरून ठेवली, जादूगार टोपी दाखवतो तशी.

अधिकारी जरा विचारात पडला. मग म्हणाला, “क्रीम. पेस्ट. सेम रूल.”

“ताई!” काका माझ्याकडे वळले. “सांगा ह्याला. रवाळ आहे. पेस्टला कधी रवा असतो का?”

माझ्याकडे तेहतीस मिनिटं होती आणि मी जर्मन सरकारपुढे तुपाच्या रव्याची साक्ष देत उभी होते. मी सांगितलं की हे क्लॅरिफाइड बटर आहे. त्याने विचारलं, बटर म्हणजे मऊ? मी म्हटलं, आत्ता नाही, पण होतं. नियम विचाराल तर त्याचंच बरोबर होतं. द्रवाच्या व्याख्येत जेल, पेस्ट, लोशन, सूप, पाक सगळं येतं. ओतता येतं का हा प्रश्न नसतो, थापता येतं का हा असतो. म्हणून श्रीखंड, लोणचं, आमरसाचा डबा, चिंचगुळाची चटणी, मध हे सगळं चेक-इनच्या सामानात घालावं. लाडू, चकली, बाकरवडी खुशाल हातात न्यावी. मेतकुटाची पुडी चालते, पण पिवळी भुकटी पाहून ते तिच्यावर पट्टी फिरवून तपासतात, त्याची दोन मिनिटं धरावीत. आणि सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही घालू नये. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून धोकादायक मालात मोडतं.

“टाकायचं नाही,” काका मराठीत म्हणाले. “अन्न आहे.” अधिकाऱ्याला ते शब्द कळले नसावेत, सूर कळला. त्याने कचऱ्याच्या पिंपाकडे केलेलं बोट खाली घेतलं.

मग काकांनी स्टीलचा डबा काढला. त्यात पुरणपोळ्या होत्या, पाच, घडी घालून, मध्ये बटर पेपर. काकांनी एक पोळी टेबलावर उलगडली, चमच्याने तुपाचा गोळा काढला आणि बोटांनी कडेपर्यंत नीट लावला. घडी. दुसरी पोळी. घाई अजिबात नाही. पोळीला लावलेलं तूप पेस्ट की पोळी, याचं उत्तर त्या अधिकाऱ्याकडे नव्हतं. तो नुसता बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर, मी खोटं सांगत नाही, थोडी भूक होती. तिसरी पोळी. माझी बॅग त्याच्या कोपराजवळ पडून होती. चौथी. मी म्हटलं, “काका, तेवढ्यात माझी बॅग बघू दे ना त्यांना.” काका म्हणाले, “एका वेळी एकच काम करू द्यावं माणसाला.”

पाचव्या पोळीला बरणी निपटली. रिकामं भांडं नेता येतं, हे काकांना बरोबर ठाऊक होतं. बरणी पुसून बॅगेत गेली. एक पोळी त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. “खा. धावायचंय ना तुम्हाला. मी पुढे जाऊन जागा धरतो.”

सहा एक्केचाळीस.

जागा त्यांनी धरली होती, पण स्वतःच्या मागची.

पासपोर्टची ही रांग लागते ती शेंगेन देशात, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत, जाणाऱ्यांना. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला निघालात तर ती लागत नाही. ओस्लो, हॅम्बुर्ग, रोमला निघालात की युरोपातला प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी पद्धत सुरू झाली आहे. शिक्का जाऊन त्याच्या जागी चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे आले; आपल्यासारख्या व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, इथे ते जुळवून बघतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा नोंद झाली की ती तीन वर्षं राहते, पुढच्या खेपेला फक्त पडताळणी. माझी नोंद आधीच झालेली होती, मला अर्धं मिनिट पुरलं असतं. काकांची पहिलीच वेळ.

आणि काकांची बोटं तुपाची.

काचेवर चार बोटं ठेवली, यंत्राने नाही म्हटलं. अधिकारीणबाईंनी काच पुसली. काकांनी बोटं स्वेटरला पुसली. पुन्हा नाही. साजूक तूप नुसत्या पुसण्याने जात नाही, त्याला बेसन लावावं लागतं किंवा गरम पाणी, हे घरातल्या कोणालाही विचारा. बाईंनी ओला कागद दिला. तिसऱ्यांदा यंत्राला तीन बोटं पटली, करंगळी पटेना. काका मागे वळून म्हणाले, “मशिनं साधी हवीत. शिक्का काय वाईट होता?” तेवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं.

उलट्या दिशेने येतानाचं सुख वेगळंच. परदेशातून येऊन पुढे देशातल्या देशात जायचं तर पहिल्याच भारतीय विमानतळावर बहुतेक वेळा सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुन्हा जमा करायचं, बॅगेला नागपूरचा टॅग लागलेला असला तरी. मुंबईत त्यावर कडी. टर्मिनल दोन सहारला, टर्मिनल एक सांताक्रूझला, मध्ये अख्खं पार्ल्याचं ट्रॅफिक, आणि तिकिटावर दोन्हींचा कोड एकच, बीओएम. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही सुरू झाली आहे, तिचा कोड एनएमआय. ‘मुंबईत उतरा, मुंबईतून चढा’ वाचून कोणी तीन तासांचं कनेक्शन घेतलं आणि कोड वेगळे निघाले, तर त्यातला निम्मा वेळ टॅक्सीत जाणार. तिकीट घेताना शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरं वाचा आणि टर्मिनलचा आकडा वाचा.

सहा छप्पन्नला सुटले. पुढचं गेट ए-५८. आम्ही आलो होतो झेडच्या बाजूने आणि ए ते झेड ऐकून माणसाच्या पोटात गोळाच येतो, मुळाक्षरांची दोन टोकं. खरं तर ए आणि झेड एकाच इमारतीत एकावर एक आहेत. झेड वर, ए खाली, नंबरही तेच. जिना उतरलं की झालं. लांब पडतं ते बी. त्याला जमिनीखालच्या बोगद्यातून सरकत्या पट्ट्यांवरून जायचं. तिथे उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी सोडायची असा रिवाज आहे; आपलं कुटुंब मात्र चौघांची भिंत करून गप्पा मारत उभं असतं. माझ्या नशिबी बोगदा नव्हता. मी जिना उतरले, धावले, पुरणपोळी छातीशी धरून.

सात दोन. गेट बंद. विमान काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर.

काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. मी विमानाकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा मान हलवली. याला कारण आहे, आणि ते मला माहीत आहे, तरी राग गेला नाही. गेट बंद झालं की प्रवाशांची आणि वजनाची यादी वैमानिकाकडे जाते. त्यात एक माणूस वाढवायचा तर सगळा कागद नव्याने. पण प्रवासी आला नाही तर त्याची बॅगही सहसा पोटातून काढतात. विमान सात पंचवीसपर्यंत तिथेच उभं होतं. खालचं दार उघडलं, पट्टा लावला, एक माणूस आत गेला, दोन बॅगा बाहेर आल्या, मग तिसरी निळी, मुठीला आईच्या जुन्या हिरव्या साडीची चिंधी बांधलेली. माझी. तिला शोधायला त्यांच्याकडे वीस मिनिटं होती. मला चढवायला दोन नव्हती.

तिकीट एकाच पीएनआरवर होतं, म्हणून पुढच्या विमानात फुकट जागा मिळाली. वेगवेगळी तिकिटं जोडली असती तर दुसऱ्या कंपनीने फक्त खांदे उडवले असते आणि नवं तिकीट माझ्या खिशातून. अशा वेळी काउंटरच्या रांगेत उभं राहायचं आणि उभ्या उभ्या ॲपही उघडायचं, बरेचदा त्यात नवीन बोर्डिंग पास आधीच येऊन पडलेला असतो. जुने सगळे बोर्डिंग पास आणि सामानाची चिठ्ठी जपून ठेवायची. युरोपात २००४ चा २६१ नंबरचा नियम आहे. विमान युरोपातून सुटणारं असेल किंवा युरोपीय कंपनीचं युरोपात येणारं असेल, आणि कंपनीच्या चुकीने शेवटच्या मुक्कामाला तीन तासांहून उशीर झाला, तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. ३५०० किलोमीटरच्या वर ६००. अंतर सबंध प्रवासाचं धरतात. वाट बघताना खाणंपिणंही त्यांनीच द्यायचं. माझा अर्ज गेला आहे. बारा मिनिटं त्यांची, बाकीची कोणाची ते अर्जात लिहायला रकाना नव्हता.

मला दीडचं विमान मिळालं. नऊच्या सुमारास शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी हुश्श करून टेकलं. पांढरे बूट.

“चुकलं का?” काका म्हणाले. मी काही बोलले नाही. “पुढचं कितीला?”

“दीडला.”

“मग वेळच वेळ आहे,” काका खूश होऊन म्हणाले. “मी जरा तोंडबिंड धुऊन, चक्कर मारून येतो. बॅगेकडे बघा हं, इथे बेवारस ठेवू देत नाहीत.”

ते पावणेदहाला आले, हातात स्वच्छ विसळलेली बरणी. तोवर मी कागद उघडला होता. पोळी धावताना मधोमध मोडली होती. तूप पुन्हा थिजलं होतं.